घंटेपलीकडचे तिघे

पो नदीच्या मुखाकडच्या आमच्या गावात दुपारची पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, किती वाजता ताटात पडायची, हे चर्चचं घड्याळ ठरवत नसे, नेरीना क्रेपाल्दी ठरवत असे. प्राथमिक शाळेची घंटा तिच्या हातात होती. लाकडी मुठीची, पितळेची, आणि आवाज असा की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागत. साडेबाराला ती वाजली की पोरं सुटत, आणि पोरं सुटली की आया चुलीवरचं भांडं हलवायला उठत.

पोरं तिला नेरीनामावशी म्हणत. सकाळी सहाला येऊन ती पाच वर्गांतल्या पाच शेगड्या पेटवी, दौतींत शाई भरी, रडक्यांची नाकं पुशी. सगळं मार्गी लागलं की घंटा ठेवायच्या टेबलाशी बसून पोरांचे फाटके मोजे रफू करी. एक्कावन्नच्या महापुरात शाळेची दारं फुगली ती पुन्हा कधी नीट लागलीच नाहीत. त्यामुळे पॅसेजमध्ये बसलेल्या माणसाला पाचही वर्ग फुकटात ऐकू येत. नेरीनानं ते अकरा वर्षं ऐकले.

सगळ्यांत जास्त ऐकली ती क्रियापदं. आमच्या भाषेत क्रियापद म्हणजे एकटा जीव नव्हे, कुटुंबकबिला आहे. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, अशा सहा जणांना प्रत्येक काळात नवे कपडे चढवावे लागतात. काळ संपले की अर्थ बदलतो: जे आहे त्याचं वेगळं, व्हावंसं वाटतं त्याचं वेगळं, असतं तर काय बहार झाली असती त्याचं आणखी वेगळं. पोरं हे पाढ्यांसारखं एका सुरात घोकत. तिसरीच्या दारातून वर्तमानकाळ यायचा, ‘इओ आमो, तू आमी, एल्यी आमा’, मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो. चौथीच्या दारातून भविष्यकाळ. आणि पाचवीच्या दारातून ते ‘असतं तर’वालं अवघड प्रकरण. नेरीनाच्या मनात ते सहा जण म्हणजे कोट घालून रांगेत उभी राहिलेली, घरी निघालेली पोरंच होती.

ती स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. आई भाताच्या खाचरांत निंदायला जायची आणि घरात धाकटी चार होती, तेव्हा थोरलीचं शिक्षण कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत नगरपालिकेचं पत्र आलं. पाचवीचा दाखला जूनअखेर सादर करावा, अन्यथा ऑक्टोबरपासून जागा दुसऱ्या व्यक्तीस देण्यात येईल. नेरीना एकेचाळीस वर्षांची होती. शाळा गेली तर बिटाचं शेत होतंच, पहाटेपासून कंबरेत वाकायला. कंबरेचं तिला एवढं नव्हतं. त्या पॅसेजमधून उठायचं, हेच तिला जमणारं नव्हतं. तिनं पत्र मोज्यांच्या टोपलीत तळाशी खुपसलं.

तिथं ते पाचवीच्या तार्सिल्लाबाईंना सापडलं. या बाई म्हणजे सुक्या लाकडाची ढलपी. अकरा वर्षांत त्या नेरीनाशी जेमतेम दोनच वाक्यं बोलल्या असतील, ‘शाई संपली’ आणि ‘शेगडी धुरते आहे’. त्या दिवशी एका पोराचा मोजा शोधायला त्यांनी टोपलीत हात घातला.

“हे काय?”

“काही नाही, बाई. टोपलीतला कागद.”

“कागद वाचता येतो मला. कितवीपर्यंत शिकलीस?”

“दुसरी.”

“आणि अकरा वर्षं या दाराबाहेर बसून काय केलंस?”

“मोजे रफू केले, बाई.”

“आणि?”

नेरीनाची सुई थांबली. “ऐकलं.”

“काय ऐकलं ते म्हणून दाखव. ‘असणे’. अपूर्ण भूतकाळ.”

नेरीनानं मान खाली घातली आणि सुरू केलं. “इओ एरो, तू एरी, एर्मेस, नाकातलं बोट काढ, एल्यी एरा, नोई एरावामो, हसणाऱ्यांनी उभं राहा, वोई एरावाते, एस्सी एरानो.”

सूर तार्सिल्लाबाईंचा. दमही त्यांचाच. एर्मेस आता सैन्यात होता, त्याला मिशा फुटल्या होत्या, पण नेरीनाच्या भूतकाळात त्याचं बोट अजून नाकातच होतं. बाईंनी रुमाल काढून तोंडावर धरला. त्या खोकल्या की हसल्या, हे नेरीनाला शेवटपर्यंत कळलं नाही.

“उद्यापासून सुटीनंतर थांबायचं,” त्या म्हणाल्या. “आणि पोरांना रागावण्याचं काम माझं आहे. ते तू पाठ करू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या वर्गात, पहिल्या बाकावर गुडघे दुमडून, नेरीना बसू लागली. शुद्धलेखन, भागाकार, आणि पुस्तकातून क्रियापदं. कानानं ओळखीची असलेली माणसं डोळ्यांनी पहिल्यांदा पाहताना तिची त्रेधा उडे. एकदा तिनं घरून व्हिनेगरमधल्या वाम माशाची बरणी आणली.

“लाच आहे का ही?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. जेवण आहे. दोन वाजलेत, तुम्हालाही पोट आहे.”

बाईंनी बरणीकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग बोटांनी वाम उचलून खाल्ला. एकट्या राहणाऱ्या त्या बाईंना कुणाबरोबर जेवून किती वर्षं झाली असतील, हे नेरीनाला त्यांच्या बोटांवरून कळलं. पुढं ती रोज दोघींपुरतं आणू लागली.

घरी नवरा प्रीमो, साखर कारखान्यातला कामगार, टेबलावर मूठ आपटून म्हणे, “अगं, ‘मी जेवेन’ झालं, ‘मी जेवलो असतो’ झालं. ‘मी जेवतोय’ कधी येणार?”

“भांड्यात आहे. हात आहेत ना तुला? घे.”

“पाचवी व्हायच्या आधीच अशी, झाल्यावर तर मला दाराबाहेर मोजे शिवायला बसवशील!” पण भांडी तो घासायचा, आणि सकाळी तिच्याआधी जाऊन दोन शेगड्या पेटवून मग कारखान्यात जायचा. हे मात्र गावात सांगायची तिला सक्त मनाई होती. मनाई त्यानंच घातली होती.

जूनमध्ये परीक्षा आमच्याच शाळेत झाली. निरीक्षक रोव्हिगोहून आले होते, बेल्लुको नावाचे, जाड चष्म्याचे आणि मवाळ. सकाळी नेरीना घंटा घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिली, तेव्हा तार्सिल्लाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. “आज ही माझ्याकडे. परीक्षार्थीनं घंटा वाजवायची नसते.”

शुद्धलेखन झालं, भागाकार झाला, आणि तोंडी परीक्षेला नेरीना रविवारचा काळा झगा घालून टेबलासमोर उभी राहिली. टेबलामागे निरीक्षक मधोमध, बाजूला दोन मास्तर, टोकाला तार्सिल्लाबाई. परीक्षार्थी आपली असल्यामुळे त्यांनी तोंड उघडायचं नव्हतं.

वर्तमान, भूत, भविष्य, सगळं सुरळीत गेलं. एर्मेसचं बोट दोनदा ओठांवर आलं आणि तिनं ते दोनदा गिळलं. मग बेल्लुको म्हणाले, “आता ‘असणे’. ‘मी असतो तर’ म्हणताना जे लागतं, ते.”

नेरीनाला घाम फुटला. भीतीनं पुस्तकाचं पान डोळ्यांपुढून पार पुसलं गेलं. उरले फक्त कान.

“के इओ फोस्सी,” ती म्हणाली. “के तू फोस्सी. के एल्यी फोस्से.”

आणि ती थांबली. तिचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ वळली, आणि रिकाम्या हवेत तिनं घंटा वाजवली. डावी-उजवी, डावी-उजवी, मनगटातून, जोरात.

एक मास्तर खुदकन हसला. नेरीनानं आपल्या हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

“पुढं?” बेल्लुकोंनी विचारलं.

“पुढं नाही, साहेब.”

“नाही म्हणजे?”

“तेव्हा साडेबारा वाजतात.”

निरीक्षकांना काही उमगेना. तार्सिल्लाबाईंना मात्र क्षणात उमगलं, आणि त्या पांढऱ्या पडल्या. ते अवघड प्रकरण त्या रोज सकाळच्या शेवटच्या तासाला घेत, कारण दिवसभर त्यांना त्याचाच कंटाळा असे. अकरा वर्षं, ‘तो’ म्हणून होता होता, बाहेर ही बाई खुर्चीवरून उठत होती. पोरं दप्तरं उचलून पळत होती. उरलेले तिघे तिनं दारातून एकदाही ऐकले नव्हते.

तोंड उघडायचं नाही हा नियम होता. बाईंनी तोंड उघडलं नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातून घंटा उचलली, तिच्या पोटात हात घालून लोलक मुठीत घट्ट धरला आणि तशीच ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

नेरीनानं ते पाहिलं. घंटा बाईंकडे होती. वाजणार नव्हती. कुणी कुठं पळणार नव्हतं. दोन वाजताचा रिकामा वर्ग तिला आठवला, बरणी, व्हिनेगरचा वास, आणि त्या वासाबरोबर पुस्तकातलं पान.

“के नोई फोस्सिमो,” ती हळू म्हणाली. बाईंची मूठ आणखी आवळली. “के वोई फोस्ते.” मग तिनं श्वास घेतला. “के एस्सी फोस्सेरो.”

“छान,” बेल्लुको म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी चष्म्यावरून तार्सिल्लाबाईंकडे पाहिलं. “बाई, ती घंटा सोडलीत तरी चालेल आता.”

दाखला मिळाला. प्रीमोनं तो स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी टांगला आणि महिनाभर येईल त्याला दाखवला. नेरीना पत्र्यानं झाकलेल्या सायकल-तळापाशी बाईंना गाठून म्हणाली, “तुमचे उपकार कसे फेडू, बाई?” बाई म्हणाल्या, “उपकार कसले? अकरा वर्षं अर्धं शिकवलं मी तुला. उरलेलं दिलं, इतकंच.” पण सायकलवर बसताना त्यांचे डोळे भरले होते, आणि नेरीनाचे तर आधीच वाहत होते. तिनं त्या वेळी देवाचे, पुराचे, फुगलेल्या दारांचे, सगळ्यांचे आभार मानले.

ऑक्टोबरमध्ये शाळा उघडली. नेरीना टेबलाशी, घंटा टेबलावर. बाईंनी शेवटचा तास बदलला नाही. मग एके दिवशी साडेबारा वाजून गेले, आणि घंटा वाजलीच नाही. गावात आया दाराशी येऊन उभ्या राहिल्या, पोलेंता भांड्यात थिजली. मुख्याध्यापक तरातरा पॅसेजमध्ये आले.

“नेरीना! झोप लागली काय? पाच मिनिटं झाली!”

नेरीना घंटा हातात घेऊन पाचवीच्या दाराशी उभी होती, मान तिरपी करून. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आतून पोरांचा सूर येत होता, घाईचा, भुकेलेला.

“थांबा, साहेब,” ती म्हणाली. “तिघंच निघालेत. उरलेले तिघं अजून आत आहेत. सहाही जण बाहेर आल्याशिवाय मी कुणाला घरी सोडायची नाही.”