लिटरभर पाण्यातलं गाणं

डोकं अजून तापलेलंच आहे माझं, पण आधी ओळख सांगतो. मी सुनील, डिंगोऱ्याचा तबलजी. जुन्नरच्या पेठेतल्या सूरजबाईंना बावीस वर्षं साथ केली. त्यांच्या घरचं कापडाचं दुकान, पण बाईंचा सगळा जीव ख्यालगायकीत. दोन पोरं सांभाळून पुण्याला जाऊन शिकल्या.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि पाणी दिवसाला फक्त लिटरभर. त्यातच चहा, त्यातच आमटी. आता गाणाऱ्या माणसाचं पाणी तोडायचं म्हणजे काय? घसा सुकला की आवाज फाटतो. बाईंनी गाणंच बंद केलं. मी गेलो की खिडकीपाशी बसून म्हणायच्या, "तू वाजव, मी ऐकते." लई चीड यायची राव.

यंदा बाईंच्या जैन समाजाच्या महिला मंडळानं कार्यक्रम ठेवला, आणि बाई स्वतःहून हो म्हणल्या. दोन महिने रियाज केला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून दोनच घोट घेतले. बाकीचं पाणी बाटलीत भरून मला दाखवलं. "सुनील, हे गाण्यासाठी राखलंय. एवढ्यात तासभर पूरिया धनाश्री गायचाय."

सूर्य नुकताच बुडाला व्हता. आमी स्टेजवर बसलो, बाटली बाईंच्या उजव्या हाताशी. मंडळाच्या टीनाभाभी निवेदनाला उभ्या राहिल्या. "आपल्या सूरजभाभीजींचा तीस वर्षांचा चौविहार आहे. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आजारपणातही! अशा तपस्वी बाईंची आपण अनुमोदना करू या." टाळ्यांचा कडकडाट. आणि जाता जाता टीनाभाभी ती बाटली भक्तिभावानं उचलून घेऊन गेल्या!

बाईंचा चौविहार डायलिसिस लागल्यावरच सुटला व्हता. पण ते घराबाहेर कुणाला सांगितलं न्हवतं. आता भरल्या हॉलमध्ये कसं सांगणार? त्यांनी मला खूण केली, सुरू कर.

दहा मिनिटं विलंबित बरं चाललं. मग आवाज खरखरायला लागला. एक तान अर्ध्यात तुटली, आणि समोरचे लोक म्हणतायत "वा, वा!" अरे, कसलं वा वा? बाईंची जीभ टाळूला चिकटलीय तिथं! पहिल्या रांगेत बाईंचे यजमान, रमणलालशेठ, मान खाली घालून बसलेले. त्यांना सगळं ठाऊक, पण उठायचं नाव न्हाई.

बाईंनी हात वर केला. मी थांबलो. माइकमध्येच त्या म्हणल्या, "टीना, माझं पाणी आण."

"पण भाभीजी, सूर्य..."

"माझा चौविहार तीन वर्षांपूर्वी सुटला. डायलिसिसवर आहे मी. तप नाही हे, आजार आहे. मला गायचंय. पाणी आण."

टीनाभाभींनी बाटली आणली. बाई सगळ्यांदेखत पाणी प्यायल्या, आणि पुढं पाऊण तास गायल्या.

संपल्यावर बायकांचा गराडा पडला. एक विचारते, महाराजसाहेबांकडून प्रायश्चित्त घेणार का? दुसरी सांगते, माझ्या मावशीला अमक्या काढ्यानं गुण आला. गाण्याबद्दल एक जण बोलेल तर शपथ! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गर्दी पांगली तेव्हा बाईंनी मला विचारलं, "गाणं कसं झालं?"

"एक नंबर, बाई," मी म्हणलो. "एवढ्या आजारपणात तुमी..."

त्या एकदम भडकल्या. "तूसुद्धा? तीव्र मध्यम दोनदा खाली राहिला. तुला ऐकू नाही आलं?"

आलं व्हतं. दोन्ही वेळेला आलं व्हतं. मी तबल्यावर गवसणी चढवत बसलो.

"उद्या डायलिसिस आहे," बाई म्हणल्या. "परवा ये. आणि खरं सांगणार असशील तरच ये."