नॉर्मल माणूस

जुन्या इंदुरात ज्यांचं ज्यांचं रक्त कधी तपासलं गेलं, त्या सगळ्यांची तुलना आमच्या आतोबांशी झालेली आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर थोडी. राजवाड्यामागच्या एका लहानशा प्रयोगशाळेत ते रक्त गोठण्याची तपासणी करत. सशाच्या मेंदूची पूड स्वतः तयार करायची, ती रोग्याच्या रक्तातल्या पिवळसर पाण्यात मिसळायची आणि स्टॉपवॉच दाबून नळी कोमट पाण्यात कलती करत बसायचं. गुठळी धरली की आतोबा ओरडत, "जमलं!" पण पूड चांगली आहे की नाही हे कळायला शेजारी एखाद्या धडधाकट माणसाची नळी लागते. तो धडधाकट माणूस म्हणजे खुद्द आतोबा. रोज सकाळी दंडाला रबर बांधून ते स्वतःला टोचून घेत. तेरा सेकंद म्हणजे तेरा सेकंद! निकालाच्या कागदावर 'नॉर्मल' या शब्दापुढे त्यांचा आकडा पडे, आणि त्याचा त्यांना शिलेदार आजोबांच्या तलवारीपेक्षा जास्त अभिमान होता.

तेलकट खाल्लं की रक्तातलं पाणी गढूळ होतं, म्हणून इंदुरात जन्मून या माणसाने वर्षानुवर्षं सकाळचे पोहे खाल्ले नाहीत. जलेबी तर दूरच. माझ्या लग्नात पंगत पुऱ्यांवर तुटून पडली होती आणि हे बिनतुपाचा वरणभात कालवत बसले होते. मी आग्रह केला तर म्हणाले, "अरे भिया, मेरा खून पब्लिक का है. त्यात तेल नाही चालणार." आत्या शेजारूनच म्हणाली, "लग्न माझ्याशी केलं, रक्त मात्र गावाला दिलं." तिने दूध विरजलं तरी हे घड्याळ घेऊन भांड्याजवळ जात. मग ती उलथनं उगारी.

पुढे माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि मी त्यांच्यासमोर दंड उघडा करून बसलो. माझी नळी तेरा सेकंदांत जमली. त्यांची जमेना. वीस झाले, पंचवीस झाले. मी घाबरलो. "आतोबा, माझं रक्त जास्तच लवकर गोठतंय का?" प्रयोगशाळेत नुकतेच आलेले नवे डॉक्टर म्हणाले, "पूड पुरानी होगी, दादा." आतोबांनी ताजी पूड काढली, पुन्हा टोचून घेतलं, एकदा नव्हे, दोनदा. मग स्टॉपवॉच खिशात टाकून शांतपणे म्हणाले, "पूड एकदम ठीक आहे. मीच बिघडलोय." यकृत थकलं की रक्त गोठायला उशीर करतं, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. मला रडूच आलं.

त्यांनी कोरा कागद ओढला. 'नॉर्मल'पुढे माझं नाव लिहिलं, आणि रोग्याच्या जागी, त्याच वळणदार अक्षरात, स्वतःचं. "आता ऑपरेशनपर्यंत रोज सकाळी सातला येत जा," म्हणाले. "नंतर बरा झालास की परत. तोपर्यंत डॉक्टरसाहेबांना टोचू."

मग मला घेऊन ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. "भिया, एक प्लेट पोहे. सेव जरा ज्यादा. आणि जलेबी." डोळे मिटून, एकेक दाणा चावत, बोटं चाटत त्यांनी ती प्लेट संपवली. दुकानदाराने माझ्यासाठीही एक पुढे केली. आतोबांनी ती हळूच स्वतःकडे ओढली.

"तू नको," म्हणाले. "उद्या तुझी नळी आहे."