शेवटच्या पानावरची ओळ

मी नेउझा. खाणीच्या ऑफिसात बावीस वर्षं कॉफी दिली. सोमवारी सकाळी नऊला मी किटली घेऊन मीटिंगच्या खोलीत शिरायचे, तेव्हा आमच्या मॅनेजरच्या, एराक्लियुसाहेबांच्या हातात नेटवर्कच्या वापराचा रिपोर्ट असायचा. रिपोर्ट सहा पानांचा. पण साहेब पहिलंच पान छापून घ्यायचे, कारण सगळ्यात जास्त वापर करणाऱ्या दहा जणांची नावं त्यावर असायची. ती मोठ्याने वाचायची, ज्याची त्याची खरडपट्टी काढायची आणि रिपोर्ट संपला. पुढच्या पाच पानांत काय आहे, हे विचारायची गरज कधी कुणाला वाटली नाही. कागद वाचवा, झाडे जगवा म्हणे! डोंगर पोखरून खाताना नाही आठवत झाडं.

पहिलं नाव ठरलेलं. स्टोअरवाला वाल्दीर.

"किती रे गाणी ऐकतोस?" साहेब ओरडायचे.

"मी नाही साहेब, माझा पक्षी ऐकतो. रोज दोन तास उस्ताद पक्ष्याचं गाणं ऐकवलं नाही तर स्पर्धेत गायचा नाही तो."

"मग पक्ष्याच्या पगारातून कापू का?"

सगळे खो खो हसायचे. वाल्दीरही हसायचा. आमच्याकडे पुरुषांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण पिंजऱ्यातल्या पक्ष्याची शीळ कुठे चुकली ते बरोब्बर कळतं.

तो रिपोर्ट काढायची झुल्मिरा. ऑफिसचं सगळं नेटवर्क तिच्या ताब्यात. ती माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्री म्हणायचो. एकोणिसाव्या वर्षी ती खाणीत टेलिफोनवर लागली, वायरी खुपसून लोकांना एकमेकांशी जोडून द्यायला. नंतर कॉम्प्युटर आले आणि तिच्याबरोबरच्या दोघींना घरी पाठवलं. ही मात्र जिल्ह्याच्या गावी शनिवारी शनिवारी बसने जाऊन शिकली आणि टिकली. लग्न केलं नाही. बोलायची कमी, आणि बोलली की फटकन. मला एकदा म्हणाली, "नेउझा, तुझी कॉफी म्हणजे साखरेला रंग." सहा महिने मी तिला फिकी कॉफी दिली. तिने हूं की चूं केलं नाही, तेव्हा मीच हात टेकले.

झुल्मिरा रिपोर्ट खालून वाचायची. सहावं पान आधी, पहिलं शेवटी. मी विचारलं, अगं उलटं का?

"टेलिफोनवर होते ना, तेव्हाची सवय. जो सारखा फोन करायचा त्याची मला कधी काळजी वाटली नाही. बोगद्यातला एखादा रोज बाराला बायकोला फोन करायचा आणि एक दिवस नाही केला, की मीच बोगद्यात फोन लावायचे. वरच्या नावांचं काय, ती ओरडतातच. गप्प कोण झालं ते शोधावं लागतं."

सहाव्या पानावर सगळ्यात खाली एक ओळ होती. ती माणसाची नव्हती, बांधाची होती. खनिज धुतल्यावर उरलेला चिखल कंपनी वर दरीच्या तोंडाशी साठवायची. त्याला अडवायला मातीचा बांध होता आणि बांधाच्या खाली ऑफिस, आणि ऑफिसच्या खाली आमचं गाव, व्हार्झिन्या. बांधाच्या पोटात बत्तीस यंत्रं पुरलेली. आत पाणी किती चढलं ते ती नेटवर्कवरून कळवत राहायची. पाऊस लागला, पाणी चढलं, की जास्त वेळा कळवायची, म्हणून त्या ओळीचा आकडा वाढायचा. उघडीप झाली की उतरायचा. ओळीला सात रकाने, वाराला एक.

कार्निव्हलनंतरच्या सोमवारी झुल्मिरा स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर सहावं पान ठेवलं. "वाच."

सोमवारी ४१.१८. मंगळवारी ४१.१८. बुधवारीही तेच. सातही दिवस तेच.

"बरं मग?"

"मागच्या आठवड्यातही हेच आहे. त्याच्या मागच्याही. आधी मला वाटलं, रिपोर्टातच काही चूक आहे. आणि पाऊस किती झाला ते तू पाहिलंस."

पाऊस कसा नाही पाहिला! माझ्या मोरीतून बेडूक घरात आले होते.

"कोमाद्री, जिवंत माणसाची नाडी अशी चालत नाही," ती म्हणाली. तिने पान उचललं आणि आपल्या टेबलाकडे गेली.

त्या आठवड्यात तिने बांधाची सगळी जुनी नोंद काढली, दोन वर्षांची, आणि एकेक दिवस ताडून पाहिला. आधी बत्तीस यंत्रं बत्तीस ठिकाणांहून बोलायची. आता सगळं एकाच ठिकाणाहून येत होतं, बांधाच्या पायथ्याच्या चौकीतून. चौकीत कुणीतरी एक डबा बसवला होता. पंधरा जानेवारीला वीज पडली, यंत्रं जळली. ती मेली म्हणून कळवलं असतं तर सरकारी तपासनीस येईपर्यंत काम बंद ठेवावं लागलं असतं. म्हणून तो डबा चौदा जानेवारीचे आकडे रोज नव्याने पाठवत होता. दीड महिना आमचा बांध चौदा जानेवारीलाच थांबला होता. आत खरं काय चाललंय, ते देवालाच ठाऊक.

पुढच्या सोमवारी तिने ते मीटिंगमध्ये मांडलं. मी कप भरत होते. एराक्लियुसाहेबांनी सहावं पान असं धरलं, जसं काही ते ओलं होतं.

"आकडा हलत नाही, म्हणजे बांध हलत नाही. यात घाबरायचं काय? ही तर आनंदाची बातमी!"

"साहेब, पावसात आकडा हलायलाच हवा."

"झुल्मिराबाई, तुम्ही वायरींचं बघा, मातीचं बघायला इंजिनियर आहेत."

दोघं-तिघं हसले. वाल्दीर हसला नाही, कपाकडे बघत बसला. पण बोललाही नाही मेला. आणि मी तरी कुठे बोलले? कॉफी वाढली आणि बाहेर आले. ती लाज अजून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावात सायरन नव्हता का? होता की. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहाला कंपनी तो वाजवून बघायची. अकरा वर्षं. सायरन वाजला की व्हार्झिन्यातल्या बायका कॉफीला पाणी ठेवत. त्या सायरनने कुणी घराबाहेर पळालं नसतं, फार तर साखर उसनी मागायला आलं असतं.

झुल्मिरा कप्तानाकडे गेली, मला बरोबर घेऊन. कप्तान म्हणजे म्हातारा बेन्व्हिंदु, आमच्या रोझरीमातेच्या ढोलपथकाचा म्होरक्या. आमच्या गावात पोपचं एक वेळ ऐकणार नाहीत, पण त्या ढोलाच्या आणि निशाणाच्या मागे लंगडासुद्धा टेकडीवरच्या देवळापर्यंत चढतो. का, कुठे, कुणी विचारत नाही. आजोबा चढले म्हणून बाप चढला. पण आता ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ चालू होता आणि त्यात ढोल झोपलेले असतात. खोलीला कुलूप, ढोलांवर जांभळं कापड. त्या दिवसांत कुणी पातेल्यावर ठेका धरला तरी आई फटका देते.

"या दिवसांत ढोल?" कप्तान म्हणाला. "माझ्या पणजोबाने, गुलाम होता तेव्हासुद्धा, नाही वाजवला. डोकं ठिकाणावर आहे का पोरी?"

"म्हणूनच वाजवा. या दिवसांत वाजला तर सगळे धावत बाहेर येतील."

"बांध फुटणार, हे नक्की ठाऊक आहे तुला?"

"नाही," झुल्मिरा म्हणाली. "मला एवढंच ठाऊक आहे, की ते कुणालाच ठाऊक नाही."

गळ्यातली किल्ली काढताना कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या माणसाला बायकोच्या मयतीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ढोल वाजला. लोक जेवणावरून उठून बाहेर आले, हात खरकटे. काय झालं, कोण गेलं? झुल्मिराने निशाण उचललं होतं. एक जण मागे लागला, दुसरा लागला. मी घेवड्याचं पातेलं तसंच डोक्यावर घेतलं. तीनशे चाळीस माणसं, कप्तानाने देवळाच्या दारात मोजली. पिंजरा घेऊन वाल्दीरही.

चार दिवस आम्ही वर राहिलो. काहीही झालं नाही. पाऊससुद्धा उघडला, तोही कंपनीचा पगार खात असल्यासारखा! शुक्रवारी साहेब पांढऱ्या गाडीतून आले, चौदा जानेवारीचे आकडे छापलेला गुळगुळीत कागद दाखवून गेले. कागद हातोहात फिरला. पोरं शिंकत होती, कोंबड्या खाली उपाशी. रविवारी लोक उतरले. उतरताना बायकांनी झुल्मिराला जे ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही. कप्तानाला तर लोक म्हणाले, म्हाताऱ्या, उपासकाळ बाटवलास, आता गावावर काय आलं तर तुझ्यामुळे.

आणि सोमवारी मीटिंगला साहेबांनी पहिलं पान वाचलं. पहिलं नाव झुल्मिराचं.

मीटिंगमध्ये हसं झाल्यावर तिने बांधाची दोन वर्षांची नोंद पुन्हा काढून ताडली होती ना, त्याने तिचा वापर वाल्दीरच्याही वर गेला होता. कंपनीच्या नेटवर्कचा गैरवापर, असं लिहून तिला त्याच दिवशी काढलं. एकतीस वर्षांची नोकरी. तिने टेबलाच्या खणातून चष्मा आणि टेलिफोनच्या काळची एक वायर घेतली.

ती गावात परत आली नाही. देवळामागच्या शेडमध्ये राहिली. मी दुपारी डबा घेऊन चढायचे आणि शिव्या घालायचे, "चल ना खाली, हट्टी म्हशी!" ती म्हणायची, "तूच वर ये." पण माझं घर खाली होतं, माझी नोकरी खाली होती. जाताना ती मला दर वेळी तेच सांगायची. "प्रिंटरचं बटण दाबून सोमवारी सहावं पान काढत जा. आकडा तोच असला तर भीती बाळग. शून्य आलं तर धाव. शून्य म्हणजे चौकीत पाणी शिरलं, डबा बुडाला."

मी काढत गेले. ४१.१८. पान घडी करून ऑफिसच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या डब्याखाली ठेवायचे. असे तीन सोमवार गेले. मला बरंसुद्धा वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोलू? दर सोमवारी तोच आकडा बघून माणसाला धीर येतो. साहेबांचं तरी दुसरं काय झालं होतं?

चौथ्या सोमवारी शनिवारपर्यंत ४१.१८ होतं. रविवारच्या रकान्यात शून्य.

आत साहेब पहिलं पान वाचत होते. वाल्दीर परत पहिला आला होता, सगळे हसत होते. मी किटली टेबलावर आपटली. "रविवारी शून्य आहे. उठा!"

"नेउझा, तुम्हीसुद्धा?" साहेब म्हणाले, आणि घड्याळ बघून निघाले. दहाला त्यांना शहरात जायचं होतं.

मी वाल्दीरचा दंड धरला. "चल माझ्याबरोबर."

"बारानंतर येतो गं. स्टोअरमध्ये पक्ष्याचं गाणं अर्धं झालंय."

मी धावले. पंचावन्नाव्या वर्षी, ॲप्रन घालून, कप्तानाच्या दारापर्यंत. त्याने या वेळी काही विचारलं नाही. दोन मोठे ढोल आम्ही दोघांनीच काढले आणि जीव तोडून वाजवले. वरून झुल्मिरा निशाण हलवत होती.

काही दारं उघडली. बरीच मी डोळ्यांदेखत बंद होताना पाहिली. एक बाई खिडकीतून ओरडली, "पुन्हा तेच थेर!" आणि खिडकी लावून घेतली. तिच्या लग्नात केक मी केला होता.

देवळाच्या दारात कप्तानाने मोजलं. एकशे बारा. त्याने परत मोजलं. मग तो खाली उतरायला लागला, उरलेल्यांना आणायला, ढोल गळ्यातच होता. झुल्मिराने हाका मारल्या. तो नुसता हात हलवत गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी खालचे कुत्रे एकदम भुंकायचे थांबले. सायरन वाजलाच नाही. पुढचं मला सांगता येत नाही, विचारू नका.

मे महिन्यात बांध फुटल्याच्या चौकशीला मोठे अधिकारी आले. कंपनीने त्यांना नेटवर्कचा रिपोर्ट दिला होता, पहिलं पान. सगळ्यात वर वाल्दीरचं नाव. वापर, पक्ष्यांची गाणी. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, कर्मचारी कामाच्या वेळी गाणी ऐकत बसायचे, हे खरं का?

मी खूप रडले तिथे. मग ॲप्रनच्या खिशातून ती घडी घातलेली पानं काढली. धावताना तेवढीच उचलली होती, घेवड्याचा वास लागलेली. शेजारी बसलेल्या झुल्मिराने ती माझ्या हातातून घेतली, क्रमाने लावली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "खालून वाचा."