दुसरी हाक

ये, अशी जवळ बस. तीन हाका मारल्या तेव्हा कुठे कानातली ती बोंडं काढलीस. आमच्या शेजारच्या मंजुळाआक्का असत्या तर पहिल्याच हाकेला धावत आल्या असत्या. हाक तुला असली तरी.

हसू नकोस, त्यांची सवयच होती तशी. मखमलाबादकडे त्यांचं झेंडूचं शेत. सकाळी फुलं घेऊन पंचवटीत विकायला बसायच्या. गल्लीत कुणी कुणालाही हाक मारली की हातातलं टाकून म्हणायच्या, "ओ, आले." टीव्हीतल्या माणसालाही ओ. पोरं मुद्दाम हाका मारून पळायची. मी त्यांच्यावर ओरडले तर आक्का म्हणायच्या, "मारू दे गं. ओ द्यायला काय पैसे लागत्यात?"

एकदा त्यांच्या नातीने आम्हा दोघींना जादूटोण्याच्या एका सिनेमाला नेलं. जंगलात एक म्हातारा जादूगार राजकन्येभोवती राखेचं रिंगण आखतो आणि बजावतो, काही झालं तरी बाहेर पाऊल टाकू नकोस. तो गेला की झाडीतून तिच्या बापाचा आवाज येतो, "पोरी, वाचव." आवाज काढणारा असतो राक्षस. सगळ्या थिएटरला ते माहीत. राजकन्या घुटमळली, आणि माझ्या शेजारी आक्का उठून उभ्या राहिल्या.

"ओ, आले. थांबा."

"आजी, बसा खाली, सिनेमा हाय," मागून कुणीतरी म्हणालं. नात लाजून खुर्चीत आणखी खाली सरकली. मी आक्कांचा हात धरून त्यांना बसवलं.

सिनेमा सुटल्यावर बाहेर पायरीवर टेकलो. नात रिक्षा बघायला गेली. मी आपलं म्हटलं, "आक्का, ही तर आपल्या पंचवटीचीच गोष्ट. तशीच रेघ, तसाच मारीचाने काढलेला रामाचा आवाज. सीतेने तरी ऐकायला नको होतं."

"सीतेला नावं ठिवू नको," त्या म्हणाल्या. "आवाज खोटा व्हता. तिची माया खोटी व्हती का?"

मग हळूहळू सांगितलं. सासूने शिकवलं होतं, तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. तेव्हा त्या शेतातच राहायच्या. एका संध्याकाळी झेंडूच्या वाफ्यातून नवऱ्याचा आवाज आला, "मंजुळे." आक्का उंबऱ्यात थांबल्या, दुसऱ्या हाकेची वाट बघत. ती आलीच नाही. नवऱ्याला साप चावला होता, दुसरी हाक मारायच्या आतच ते गेले.

"रिंगणात राह्यले मी, शहाण्यावाणी," आक्का म्हणाल्या. "राक्षसाला ओ दिली तर तो खाईल, येवढंच ना? आता मी समद्यांनाच ओ देते. देव वर इचारंल, हाक आली तवा उठली व्हतीस का? कुनाची व्हती, ते नाय इचारायचा."

मागच्या थंडीत त्या गेल्या. मी उशाशी होते. दिवेलागणीची वेळ, सगळे गप्प बसलेले. दोन दिवस डोळे न उघडलेल्या आक्का एकदम दाराकडे बघून म्हणाल्या, "ओ. आले, थांबा." कुणी हाक मारली नव्हती. म्हणजे मला तरी ऐकू आली नाही.

त्यांचा मुलगा नोकरीसाठी सिन्नरला राहायला गेला, घर बंद आहे. पण तिन्हीसांजेला मी कुणाला हाक मारली की आधी त्या बंद दारामागून ओ येते. भास असेल. नसेलही.

निघालीस? बरं, पण लवकर ये गं परत. बेल दाबू नकोस, दारातून हाक मार. एकदाच मारलीस तरी चालेल.