सांजचं याल तवा

घोड नदीच्या काठावरच्या भिल्ल वस्तीत मी संस्थेच्या कामासाठी जायचे, तेव्हा तिथल्या एक मावशी आम्ही दिलेली ताडपत्री आधीच अंथरून ठेवायच्या. पाहुण्यांना तिच्यावर बसवायच्या आणि स्वतः वाळूत बसायच्या. प्रश्न कुठलाही असो, पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "बघू की, ताई."

आमच्या कामाला पैसा देणाऱ्या परदेशी संस्थेची माणसं पुण्याहून अकराच्या सुमारास यायची आणि उन्हं कलायच्या आत परतायची. त्या वेळी निम्मी वस्ती मासेमारीला नदीत असायची. वस्तीचा कुठलाही निर्णय होतो तो होड्या काठाला लागल्यावर, सगळ्यांनी एकत्र बसून. हे मी पाहुण्यांना दरवेळी सांगायचे आणि ते दरवेळी मान डोलवायचे.

एकदा पाहुणे आले त्या दिवशी माझ्या यादीत एकच काम होतं, संस्था बांधून देणार होती त्या घरांना वस्तीचा होकार मिळवायचा. जागा नदीपासून लांब होती. आज होकार मिळाला नाही, तर घरं दुसऱ्या गावाला जाणार होती. मी थकून म्हणाले, "मावशी, तुम्ही तरी हो म्हणा."

"मी कोन म्हननारी? समदी घरं काय मला एकलीला हायती व्हय?"

त्यांनी हसत पाहुण्यांना उठवलं, ताडपत्री झटकून गुंडाळली आणि आमच्या जीपमध्ये ठेवली. "सांजचं याल तवा आना."

घरं दुसऱ्या गावाला गेली. पुढच्या आठवड्यात मी एकटीच संध्याकाळी गेले. होड्या लागल्या, सगळे जमले. मावशींनी सरकून वाळूत मला जागा केली आणि म्हणाल्या, "हं, आता इचारा."

विचारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.