रब्बींचं पुस्तक आणि खळकाकांचे मुके

गल्लीत कुजबुज अशी होती की खळकाका म्हातारपणी ज्यू होणार. ज्यूंचं एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक ते घडीघडी ओठांना लावतात, आणि काकू समोर आल्या की चोरासारखे खाली ठेवतात म्हणे. समोरच्या शिंप्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं; आणि शिंप्याचे डोळे सुईच्या नाकापेक्षा दुसऱ्याच्या दारातच जास्त असत.

खळकाका पुस्तकं बांधायचे. उभा जन्म खळ लावण्यात गेला, म्हणून हे नाव. अलीकडे गिऱ्हाईक आटलं होतं. काकूंनी निर्वाणीचं सांगून टाकलं, "या कामानंतर दुसरं आलं तर ठीक, नाहीतर दुकान भाड्यानं द्यायचं."

"मग मी दिवसभर बसू कुठे?"

"माझ्यासमोर."

काका पार हादरले.

ते काम म्हणजेच हे पुस्तक. एका थोर रब्बींचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूंचं. शिलाई उसवलेली, कातडी पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले. रब्बींची नात ते तान्ह्या बाळासारखं कापडात गुंडाळून घेऊन आली. काकांनी सवयीनं डावीकडून उघडलं आणि शेवटच्या पानाला पहिलं समजून जाणत्यासारखी मान डोलावली.

"काका, हे उजवीकडून उघडतं."

"असू दे, ताई. आमच्या घरातही सगळं उलटंच चालतं."

आतल्या पडद्यामागं भांडं आपटलं.

जाता जाता नातीनं बजावलं, "आणि चुकून खाली पडलंच, तर उचलून त्याचा मुका घ्यायचा. आमच्यात तशी रीत आहे."

"माझ्या हातून? अहो, या हातांनी केवढाले ग्रंथ बांधलेत..." काका बराच वेळ आपल्या हातांचं कौतुक सांगत बसले.

आठवड्याचं काम महिनाभर चाललं. पण शिलाई घट्ट झाली आणि कणा सरळ बसला. नात न्यायला आली तेव्हा शिंपी दारातच आडवा आला. "ताई, तुमच्या आजोबांवर काय जीव हो यांचा! दिवसभर मुके!"

नातीचे डोळे भरून आले. "काका, आजोबांच्या पुस्तकांचं अख्खं कपाट आहे घरी. सगळी तुम्हीच बांधा."

कपाटभर पुस्तकं म्हणजे दुकान वाचलं. पडद्यामागं काकूंनी श्वास रोखला. काकांनी कपाटाचा विचार केला, मग काकूंसमोर बसायच्या दिवसांचा केला, आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"ती दुसऱ्या कुणाला द्या, ताई."

"का हो?"

"एवढं पुण्य मला पचायचं नाही."

काय ही विरक्ती, असं गल्ली म्हणाली. शिंप्यानं त्यात आपलं तिखटमीठ घातलं. पुढच्या महिन्यात दुकान भाड्यानं गेलं.

काकांचे हात थरथरत होते. पुस्तक सारखं खाली पडत होतं.