आजोबांवर गेलेला राग

'त्याचं रक्तच तसं आहे' असं म्हणून तुम्ही घरातल्या कुणाला आजवर माफ केलंय?

आमच्या नाशिकच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, अक्षरं जुळवायला मी पत्रकांवरच शिकले. काकांची मात्र दिंडोरीकडे द्राक्षबाग. कलमासाठी काडी घ्यायची तर ते आधी वेल निरखून बघत. "काडी चांगली तर घड चांगला." हाच नियम ते माणसांनाही लावत.

त्यांचा मुलगा, आमचा दादा, भलता तापट. एकदा मी त्यांच्याकडे गेले असताना आमटी खारट झाली म्हणून त्याने वहिनीच्या अंगावर ताट भिरकावलं. काकू म्हणाली, "काय करणार बाई, आजोबांवर गेलाय. तेच परत आलेत पोटी."

वहिनीचं माहेर नामपूरचं. फरशी पुसता पुसता ती म्हणाली, "मग व्यापारी बागेत येऊन भाव पाडतो, तेव्हा आजोबा कुठं जातात? तेव्हा तर 'शेठ, चहा घ्या'!"

मीही तावातावाने बोलले, "काका, रागीटपणा वंशातून येत असेलही. पण ताट फेकणारा हात दादाचाच ना?"

"तुमची पत्रकं नाशकातच वाटा," काका हसले.

पुढे एका सकाळी दादाच्या चिमुरड्या लेकीने रुसून ताटली भिरकावली. काकूने तिच्या फाडकन मुस्कटात मारली. "पोरीच्या जातीला शोभतं का हे?"

रक्त तेच होतं. दादाचे आजोबा, तेच तिचे पणजोबा. पण पोरीच्या वाट्याला ती सवलत नव्हती.

त्याच दुपारी वहिनीने लेकीला कडेवर घेतलं आणि नामपूरची एसटी धरली. ती परत आली नाही.

मला दादाचंही वाईट वाटतं. चटकन पारा चढणं कदाचित त्याच्या जन्माबरोबरच आलं असेल. तो त्याचा दोष नाही. पण आवरणं त्याला जमत होतं, हे व्यापाऱ्यांनी रोज पाहिलंय. छाटणी चुकली तर वेलीवर नुसता पाला माजतो, हे ज्या घराला पाठ, त्याच घराने पोराला मात्र मोकळं वाढू दिलं. आता तो ओट्यावर फोन हातात धरून बसतो. लेक बोलायला येत नाही.

तुमच्या घरात एखादा मुलगा रागाने काही फेकेल, तेव्हा कौतुकाने आजोबांचं नाव काढू नका. फेकलेलं त्यालाच उचलायला लावा. आणि ज्याला लागलं, त्याच्यापुढे त्याला उभं करा.